कचऱ्याच्या डोंगरावरचे घर

गावगाड्याने आमच्या पूर्वजांना घर कोठे बांधायचे ते सांगितले होते. गावकुसाबाहेर, मेलेली जनावरे ओढून नेण्याच्या वाटेवर, सवर्णांच्या अंगावर आमच्यावरून गेलेला वारा जाणार नाही अशा दिशेला. शहरात गावकूस नाही असे आम्हाला सांगण्यात येते. मग मुंबई महानगरपालिकेच्या एम-पूर्व विभागाचा नकाशा समोर घ्या आणि विचारा, हे काय आहे?

1927 पासून देवनारला शहराचा कचरा पडतो आहे. 1971 साली तेथेच कत्तलखाना आला. 2009 साली रुग्णालयांचा कचरा जाळण्याची भट्टी आली. आणि शहराच्या मध्यातून जी जी झोपडपट्टी उठवली गेली, तिच्यातील माणसेही याच बाजूला आणून टाकली गेली. 1976 साली जनता कॉलनी रातोरात उठवून चिता कॅम्पला नेली. पुढे रस्ते, रेल्वे रुंद करण्यासाठी हटवलेली कुटुंबे मानखुर्द-गोवंडीच्या पुनर्वसन इमारतींत कोंबली गेली. शिवाजीनगर, बैंगनवाडी, अण्णाभाऊ साठे नगर या वस्त्यांत दलित, मुसलमान, भटके, परप्रांतीय मजूर शेजारीशेजारी राहतात. धर्म-जात वेगळी, पण शहराने त्यांना दिलेली जागा एकच. 2009 च्या मुंबई मानव विकास अहवालात शहराच्या 24 विभागांत हा विभाग शेवटच्या क्रमांकावर होता. हा योगायोग नाही. हे नियोजन आहे.

आता याच ठिकाणी परवडणाऱ्या घरांची नवी योजना आली आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने देवनार कचराभूमीची सुमारे 124 एकर जमीन धारावी पुनर्विकासासाठी देण्यास मंजुरी दिली. 2025 साली महापालिकेने तेथील सुमारे 185 लाख टन जुना कचरा हटवण्यासाठी 2,368 कोटींची निविदा काढली. म्हणजे कचरा उपसण्याचा खर्च महापालिकेच्या, अर्थात जनतेच्या तिजोरीतून, आणि मोकळी झालेली जमीन प्रकल्पाला!

येथे कोणी राहायचे, तेही पाहा. धारावीत 1 जानेवारी 2000 पूर्वीची तळमजल्यावरची झोपडी असेल तर धारावीतच मोफत घर. 2000 ते 2011 मधील असेल तर धारावीबाहेर, अडीच लाख रुपये भरून. वरच्या मजल्यावर राहणाऱ्याला धारावीबाहेर भाड्याचे घर. कातड्याचे काम करणारा, कुंभारकाम करणारा, शिलाईचे मशीन चालवणारा माणूस ज्या मजल्यावर झोपला त्यावरून त्याचे नागरिकत्व मोजले जाणार. धारावीचे मोल वांद्रे-कुर्ला संकुलाच्या शेजारामुळे आहे, हे लहान मूलही जाणते. मोलाची जमीन बाजारासाठी, आणि कचऱ्याची जमीन कष्टकऱ्यासाठी, ही वाटणी कोणत्या स्मृतीतून आली आहे?

आम्ही घरांच्या विरोधात नाही. आठ बाय दहाच्या खोलीत तीन पिढ्या राहणाऱ्या समाजाने घराला विरोध करणे हा आत्मघात होईल. पण चार भिंती आणि एक छप्पर एवढ्याला घर म्हणता येत नाही. याचा धडा आम्ही दोनदा शिकलो आहोत.

पहिला धडा माहुलचा. तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या तोडून 2017 पासून हजारो कुटुंबे तेथील इमारतींत पाठवली गेली. एका बाजूला तेलशुद्धीकरण कारखाने, दुसऱ्या बाजूला रासायनिक टाक्या. तेथील हवा आरोग्याला घातक असल्याचे राष्ट्रीय हरित लवादाने 2015 सालीच नोंदवले होते. तरीही माणसे पाठवलीच. अखेर 2019 साली उच्च न्यायालयाने या कुटुंबांना दरमहा 15 हजार भाडे आणि 45 हजार अनामत देण्याचा आदेश दिला. पुढे 2025 साली महापालिकेने तेथील नऊ हजारांवर घरे आपल्याच कर्मचाऱ्यांना 12 लाख 60 हजारांत विकायला काढली. मुंबईत या किमतीला खोलीही मिळत नाही, तरी अर्ज फारच थोडे आले. ज्यांना निवडीचा हक्क होता त्यांनी नाही म्हटले. ज्यांना हक्क नव्हता ते तेथे आजारी पडले. परवडणारे घर म्हणजे काय, याचे उत्तर या एका वाक्यात आहे.

दुसरा धडा गोवंडी-मानखुर्दच्याच पुनर्वसन इमारतींचा. लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजीपी कॉलनीची 2018 साली डॉक्टर्स फॉर यू या संस्थेने पाहणी केली. इमारती इतक्या चिकटून की खालच्या मजल्यांवर ऊन पोचत नाही, वारा खेळत नाही. आणि जेथे ऊन-वारा नाही तेथे क्षयरोग अधिक, असे त्या पाहणीत दिसले. झोपडपट्टी पुनर्वसनात घर 225 चौरस फुटांवरून 269 आणि पुढे 300 चौरस फुटांचे झाले, याचा गाजावाजा झाला. पण दोन इमारतींमध्ये अंतर किती, खिडकी कोठे उघडते, हे कोणी मोजले नाही. चटईक्षेत्राचा हिशेब बिल्डरला पाठ असतो, उन्हाचा हिशेब कोणी ठेवत नाही.

आता तिसरा प्रयोग थेट कचराभूमीवर. शंभर वर्षांच्या कचऱ्याखाली वायू साठतो, काळे पाणी झिरपते, जमीन खचते. 2016 च्या जानेवारीत देवनार पेटले तेव्हा धुराने अनेक दिवस मुंबईचा श्वास कोंडला होता. 2016 च्याच घनकचरा नियमांनी भरावभूमी वस्तीपासून 200 मीटर दूर असावी असे सांगितले होते. कचरा वस्तीपासून दूर हवा, मग वस्ती कचऱ्याच्या जागेवर कशी चालते?

येथे एक सापळा आहे, तो ओळखला पाहिजे. गोवंडीचा गरीब म्हणेल, धारावीवाले आमच्या उरावर नकोत. धारावीचा गरीब म्हणेल, आम्हाला कचऱ्यात नको. दोघे एकमेकांशी भांडतील आणि नकाशा काढणारा निवांत राहील. आमचे भांडण माणसांशी नाही, नकाशाशी आहे.

बाबासाहेब 1912 पासून सुमारे दोन दशके परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत राहिले. प्लेगनंतर 1898 साली स्थापन झालेल्या त्या ट्रस्टने बांधलेल्या खोल्या लहानच होत्या. पण त्या गिरण्यांजवळ, शहराच्या मध्यात होत्या. बहिष्कृत हितकारिणी सभेचे कार्यालय असलेला दामोदर हॉल तेथून पायी अंतरावर होता. कामगाराला शहराच्या पोटात जागा मिळाली म्हणून चळवळीलाही जागा मिळाली. घर शहराबाहेर फेकले की रोजगार, शाळा, दवाखाना आणि संघटना, सारेच फेकले जाते.

74 व्या घटनादुरुस्तीने नगरनियोजन, झोपडपट्टी सुधारणा आणि दुर्बल घटकांचे हितरक्षण ही कामे बाराव्या अनुसूचीत घालून नगरपालिकांच्या वाट्याची ठरवली. पण मार्च 2022 मध्ये मुंबईच्या सभागृहाची मुदत संपली आणि प्रशासक बसला. 2024 साली देवनारच्या जमिनीचा निर्णय झाला तेव्हा गोवंडीचा एकही नगरसेवक प्रश्न विचारायला सभागृहात नव्हता.

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. देवनारच्या माती, पाणी आणि वायूची तपासणी स्वतंत्र संस्थेकडून होऊन तिचा अहवाल मराठी, हिंदी, उर्दूत वस्तीत लागल्याशिवाय एकही पाया खोदू नये. धारावीकरांना, ते कोणत्याही मजल्यावरचे असोत, प्रथम धारावीतच घर. मोकळ्या होणाऱ्या देवनारच्या जमिनीवर पहिला हक्क गोवंडीच्या उद्यानांचा, मैदानांचा आणि दवाखान्यांचा. शहराचा कचरा उचलणाऱ्या सफाई कामगारांना मालकीची घरे शहराच्या मध्यात, माहुलला नव्हे.

आणि समाजबांधवांनो, हरकत लिहायला शिका. 2015 साली विकास आराखड्याच्या मसुद्यावर हजारो मुंबईकरांनी हरकती नोंदवल्या तेव्हा सरकारला तो मसुदा नव्याने सुधारायला लावावा लागला. आराखड्यातील बदलाची सूचना निघाल्यावर कायद्याने हरकतीसाठी मुदत द्यावीच लागते. त्या मुदतीत प्रत्येक बुद्ध विहारात, प्रत्येक मंडळाच्या कचेरीत टेबल मांडून अर्ज भरले गेले पाहिजेत. आमच्या आजोबांनी वेशीबाहेरची जागा नाकारली आणि ते शहरात आले. शहराने आखलेली नवी वेस नाकारण्याची पाळी आता आमची आहे.