नाणं घासू नका, वाचा!

देवघरातलं तांब्याचं ताम्हन चिंचेनं घासलं की कसं लख्ख निघतं, ते तुम्ही पाहिलंच असेल. मी पाचवीत असताना हाच प्रयोग आजोबांच्या शिवराईवर केला. शिवराई म्हणजे शिवाजी महाराजांनी सुरू केलेलं तांब्याचं नाणं. चिंच, राख आणि वर विटेची पूड! नाणं चकचकीत झालं. मी नाचतच आजोबांकडे गेले. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "अगं, यावरचं 'श्री राजा शिव' कुठं गेलं?"

गेलं ते गेलंच! म्हणूनच आज तुम्हांला एका धीराच्या छंदाची ओळख करून देते. हा छंद आहे प्राचीन रोमन नाणी स्वच्छ करण्याचा आणि ओळखण्याचा.

रोमन साम्राज्य एके काळी ब्रिटनपासून सिरियापर्यंत पसरलेलं होतं. भाजी-भाकरीच्या रोजच्या व्यवहारासाठी तिथे ब्रॉंझची लहान नाणी चालत. ब्रॉंझ म्हणजे तांबं आणि कथिल यांचा मिश्रधातू. लोक ही नाणी मडक्यात घालून जमिनीत पुरून ठेवत. कुणी परत येई, कुणी येतच नसे. त्यामुळे आजही तिकडच्या शेतांत ती सापडतात. चौथ्या शतकातली बरीचशी नाणी जेमतेम अंगठ्याच्या नखाएवढी आहेत. हातात घेतली तर वाटावं, मातीचा खडाच!

आंघोळ, पण महिनाभर

हे खडे डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजत घालतात. नळाचं पाणी चालत नाही, कारण त्यात क्षार असतात. दर काही दिवसांनी पाणी बदलायचं. माती मऊ झाली की जुन्या, मऊ टूथब्रशनं हलक्या हातानं ती काढायची. अक्षरांच्या फटीतली माती भिंगाखाली धरून लाकडी काडीनं काढायची. एकेका नाण्याला कधी आठवडे लागतात, तर कधी महिने.

लिंबू, चिंच, व्हिनेगर, तारेचा ब्रश यांना मात्र सक्त मनाई! का बरं? शेकडो वर्षं मातीत राहून ब्रॉंझवर हिरवा-तपकिरी, घट्ट थर धरतो. त्याला 'पॅटिना' म्हणतात. राजाचं नाक, डोळे, अक्षरं पुष्कळदा या थरातच टिकून राहिलेली असतात. थर गेला की चेहराही गेला!

शेवटी नाणं पूर्ण कोरडं करायचं. ओल राहिली आणि धातूत क्लोराइडचे क्षार असले, तर नाण्यावर फिकट हिरवी भुकटी येऊ लागते आणि नाणं पोखरलं जातं. याला चक्क 'ब्रॉंझचा रोग' म्हणतात.

आता ओळखा पाहू!

एका बाजूला सम्राटाचा चेहरा आणि भोवती त्याचं नाव. रोमन लोक 'यू'च्या जागी 'व्ही' कोरत. त्यामुळे 'ए व्ही जी' दिसलं की समजायचं, हे 'ऑगस्टस', म्हणजे सम्राट.

मग नाणं उलटवा. दोन बाळांना दूध पाजणारी लांडगीण दिसली? ती बाळं म्हणजे रोम्युलस आणि रेमस. रोम्युलसनं रोम वसवलं, अशी दंतकथा आहे. हे चित्र असलेली पुष्कळ छोटी नाणी सम्राट कॉन्स्टंटाइननं इसवी सन ३३० पासून पाडली. त्याच वर्षी त्यानं कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजचं इस्तंबूल, या नव्या राजधानीचं उद्‌घाटन केलं. दोन सैनिक आणि मध्ये निशाण असेल, तर तेही त्याच सुमाराचं नाणं. सर्वांत खाली टांकसाळीची खूण असते. 'टी आर' म्हणजे जर्मनीतलं आजचं ट्रियर, 'ए एन टी' म्हणजे तुर्कस्तानातलं अँटिऑक.

म्हणजे राजा, काळ आणि गाव, तिन्ही गोष्टी नखाएवढ्या नाण्यावर!

रांजणानं सांगितलेली गोष्ट

पण एक गोष्ट नाण्यावर कुठेच लिहिलेली नसते. ते कुठे आणि कसं सापडलं, ही!

एप्रिल २०१० मध्ये इंग्लंडमध्ये फ्रोम गावाजवळ डेव्ह क्रिस्प या छंदिष्टाला धातुशोधक यंत्रानं काही नाणी सापडली. मग मडक्याचा काठ दिसला. तुम्ही काय केलं असतं? भराभरा उपसलं असतं ना? क्रिस्प थांबला. त्यानं खड्डा बुजवला आणि पुरातत्त्वज्ञांना बोलावलं. त्यांनी रांजण थराथरानं रिकामा केला. नाणी निघाली ५२,५०३! वजन सुमारे १६० किलो!

त्यांत ब्रिटनवर २८६ ते २९३ या काळात राज्य करणाऱ्या कारॉसियस या बंडखोर सेनापतीची नाणी होती. रांजणातली ही सर्वांत अलीकडची नाणी. दरवर्षी थोडी थोडी बचत करून रांजण भरला असता, तर ती वर असायला हवी होती. पण बहुतेक निघाली खालच्या अर्ध्या भागात! म्हणजे रांजण एकाच वेळी भरला होता. क्रिस्पनं घाई केली असती, तर हे कुणालाच कळलं नसतं.

अशी छोटी रोमन नाणी आपल्या तमिळनाडूतही, करूर आणि मदुराईजवळच्या नदीपात्रांत सापडली आहेत. तुम्हांला कधी जमिनीत जुनी नाणी सापडली, तर ती घासू नका, वाटून घेऊ नका. जागा लिहून ठेवा आणि घरच्यांना सांगा. १८७८ च्या कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचं गुप्तधन सापडलं, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

तोवर छंदाला सुरुवात घरातूनच करा. आईकडून चार सुटी नाणी मागून घ्या आणि सालाखाली भिंग धरा. चौकट असेल तर नाणं मुंबईच्या टांकसाळीचं, चांदणी असेल तर हैदराबादचं, ठिपका असेल तर नोएडाचं आणि काहीच नसेल तर कोलकात्याचं. सापडली खूण? मग वहीत लिहून ठेवा.

आणि हो, चिंच चटणीसाठीच राहू द्या!