टिपक्याएवढा उघडा पत्रा

आमच्याकडे गाडीला दोन ठिकाणी लागतं. वाडीच्या वाटेवर जांभ्याच्या दगडी गडग्याचं आणि हायवेवर खडीचं. गडग्याचं आपण आपल्या हाताने करून घेतो. समोरून रिक्षा येते, आपण जरा डावीकडे दाबतो आणि कर्रर्र आवाज येतो. खडीचं मात्र दुसरा कोणीतरी देतो. मुंबई-गोवा महामार्ग, पूर्वीचा १७ आणि आताचा ६६ नंबर, दशकाहून जास्त काळ रुंद होतो आहे. हातखंब्याच्या अलीकडे-पलीकडे डंपरच्या मागे थोडा वेळ चाललात की बॉनेटवर ‘टिक्’ ऐकू येतंच. उतरून बघावं तर मोहरीएवढा टिपका.

गडग्याचा पट्टा हातभर लांब असतो, त्यामुळे पोटात गोळा त्याने येतो. टिपका कोणाला दिसतही नाही. तरी आधी हातात घ्यायचा तो टिपकाच.

कारण असं. कारखान्यात आख्खी बॉडी प्रायमरच्या हौदात बुडवून, विजेच्या साहाय्याने गंजरोधक थर पत्र्यावर बसवतात. त्यावर दुसरा प्रायमर, मग रंग, आणि सर्वांत वर पारदर्शक लॅकर, ज्याला गॅरेजवाले नुसतं ‘क्लिअर’ म्हणतात. हे सगळे थर मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे झेरॉक्सच्या एक-दीड कागदाइतकी. त्यातलं क्लिअर जेमतेम ४०-५० मायक्रॉन, केसाहून पातळ. गडगा बहुतेक वेळा या क्लिअरमध्येच खेळतो. खडी मात्र सगळे थर फोडून थेट पत्र्यापर्यंत जाते.

आणि पत्रा उघडा पडला की वाट बघत बसलेला असतो खारा वारा. मिऱ्याला किंवा भाट्याला समुद्राकाठी राहणाऱ्यांनी सकाळी गाडीच्या काचेवर बोट फिरवून बघावं, चिकट लागतं. ते मीठ. मीठ हवेतली ओल ओढून धरतं, आणि खारट ओलीत गंज झपाट्याने चढतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जागाही जास्त लागते, त्यामुळे तो आजूबाजूचा चांगला रंग खालून उचलत जातो. आज मोहरीएवढा असलेला टिपका दोन पावसाळ्यांनी नखाएवढा फुगा होतो.

म्हणून मग बॉनेट सगळं खरवडून नव्याने मारून घ्यावं का? मला ते जिवावर येतं. कारखान्यातला रंग १४० अंशांच्या आसपास भाजलेला असतो. गॅरेजच्या बूथमध्ये ६०च्या फार पुढे जाता येत नाही, कारण गाडीत वायरी, रबर, सीट सगळं बसलेलं असतं. मूळ रंगाची सर नंतरच्या रंगाला सहसा येत नाही. बरं, विम्यातून करावं तर नो क्लेम बोनस जातो. पहिलं वर्ष क्लेमशिवाय गेलं की २० टक्के आणि पाच वर्षांनी ५० टक्के मिळणारी सूट चार टिपक्यांसाठी कोण घालवेल?

तर घरी करायचं. फक्त कधी करायचं ते आधी ठरवा. माझा पहिला प्रयोग श्रावणातला. दोन दिवस उघडीप मिळाली म्हणून उत्साहाने बाटली उघडली, रंग लावला, आणि तासाभरात टिपका ताकासारखा दुधाळ झाला. थिनर उडताना रंगाचा पृष्ठभाग गार पडतो आणि दमट हवेतली वाफ त्यावर बसते, हे मला नंतर कळलं. सगळं खरवडून पुन्हा करावं लागलं. आगोटीच्या, म्हणजे पावसाआधीच्या, कामांच्या यादीत हे काम मे महिन्यात घालणारेही चुकतात. तोवर हवेत दमटपणा आलेला असतो आणि बॉनेट तव्यासारखं तापतं. आंब्याला मोहोर धरतो ते दिवस चांगले. सकाळचं दव पूर्ण वाळू द्यायचं आणि अकरा ते तीनच्या दरम्यान सावलीत बसायचं. माडाची सावली नको, वरून काय पडेल सांगता येत नाही.

आधी गाडी धुवा, भरपूर पाणी ओतून. आपल्याकडची लाल धूळ कोरड्या फडक्याने पुसणं म्हणजे पॉलिश पेपर फिरवणंच. धुतल्यावर गडग्याच्या पट्ट्याकडे नीट बघा. बऱ्याचदा तो ओरखडा नसतोच. जांभ्यातलं लोह गंजलेलंच असतं, त्याचा तांबडेपणा त्यातूनच आलेला. त्या दगडाची पूड गाडीच्या अंगाला घासून बसलेली असते. ओल्या फडक्यावर थोडं रबिंग कंपाउंड घेऊन हलक्या हाताने चोळलं की अर्धा पट्टा निघून जातो. आपल्या गाडीचा गेला असं वाटत असतं, निघतो गडग्याचा रंग.

उरलेल्या रेघेवर पाणी टाका. पाणी असेपर्यंत रेघ दिसेनाशी झाली तर ती क्लिअरमध्येच आहे. मग नख आडवं फिरवा. नख अडकत नसेल तर आधी रबिंग आणि नंतर बारीक पॉलिश, एवढ्यावर भागतं. टूथपेस्टचा तोडगा मोबाईलवर फिरत असतो. तीही घासणारी पेस्टच, पण सौम्य, त्यामुळे बारीक रेघा तेवढ्या कमी दिसतात. घासत मात्र बसू नका. उन्हापासून रंगाला वाचवणारं जे असतं ते क्लिअरमध्ये असतं. ते झिजवून पातळ केलंत की चार-पाच वर्षांनी तिथेच पापुद्रे सुटतात.

नख अडकत असेल आणि आत राखाडी प्रायमर किंवा चमकणारा पत्रा दिसत असेल, तर रंगाची बाटली घ्यावी लागते. नुसता ‘पांढरा’ किंवा ‘सिल्व्हर’ मागू नका. बॉनेटखालच्या पट्टीवर किंवा दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर रंगाचा कोड असतो. मारुतीच्या सिल्की सिल्व्हरचा, उदाहरणार्थ, झेड टू एस. कोड सांगितला की कंपनीची टचअपची बाटली मिळते, नाहीतर रंगाच्या दुकानात त्यावरून थोडा रंग बनवून देतात. पुठ्ठ्यावर ठिपका लावून, वाळवून, उन्हात गाडीशी ताडून बघा. ओल्या रंगावर विश्वास ठेवायचा नाही, वाळल्यावर तो बदलतो.

आता टिपका. कडेचा सुटलेला रंग टोकदार काडीने उचलून काढा, जो येईल तेवढाच. आत तपकिरी दिसलं तर पातीच्या टोकाने किंवा चिमूटभर वॉटर पेपरच्या गुंडाळीने खड्ड्यापुरतंच खरवडा. खोलवरचा गंज पूर्ण निघत नाही, तिथे रस्ट कन्व्हर्टरचा एक थेंब. तो गंजाशी संयोग पावून काळा, टणक थर करतो. बाटलीवर लिहिलेला वेळ द्या. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसून घ्या. पेट्रोल वापरू नका, तेलकटपणा मागे राहतो आणि त्यावर रंग धरत नाही.

बाटलीच्या झाकणाला जो ब्रश येतो तो मला झाडूएवढा वाटतो. मी खराट्याचा हीर घेतो आणि त्याचं टोक ब्लेडने तिरकं तासतो. त्यावर टाचणीच्या डोक्याएवढाच थेंब उभा राहतो. पत्रा उघडा असेल तर पहिला थेंब प्रायमरचा. तो नीट वाळला की रंग. रंगाची बाटली दोन मिनिटं तरी हलवा, मेटॅलिक असेल तर जास्तच, कारण ॲल्युमिनियमचा चुरा तळाशी बसलेला असतो. हीर खड्ड्याच्या मधोमध नुसता टेकवायचा आणि थेंब आपोआप कडेपर्यंत पसरू द्यायचा. ब्रश मारल्यासारखा ओढायचा नाही. हे रंगवणं नाहीच, खड्डा बुजवणं आहे.

पहिला थेंब भरल्यावर वाटतं, झालं. अर्ध्या तासाने बघा, पुन्हा खळगा दिसतो. थिनर उडून गेला, उरला तेवढाच रंग. म्हणून दोन-तीनदा पातळ भरायचं आणि मध्ये दरवेळी तासभर सोडायचा. एकदम मोठा थेंब टाकला तर वरून साय धरते आणि आत ओलं राहतं. रंग कडेच्या किंचित खाली असतानाच थांबा, वरची जागा क्लिअरची. क्लिअरही दोनदा, शेवटी केसभर उंचवटा येईल इतकं.

मग आठवडाभर हात लावायचा नाही. इथे बहुतेकांचा धीर सुटतो, माझाही सुटला होता. आठ दिवसांनी २००० नंबरचा वॉटर पेपर साबणाच्या पाण्यात भिजवायचा, खोडरबराच्या कोपऱ्याला गुंडाळायचा आणि फक्त त्या उंचवट्यावर फिरवायचा. पुढे ३००० नंबर, मग पॉलिश. हात स्थिर नसेल तर ही पायरी सरळ गाळा. छोटा उंचवटा राहिला तरी पत्रा झाकलेला असतो, आणि हात सटकला तर भोवतालचं कारखान्याचं क्लिअर जातं. वॅक्स महिनाभराने.

मेटॅलिक रंगात टिपका जवळून ओळखू येतोच. फवाऱ्याने मारताना चुरा आडवा बसतो, थेंबात तो वाटेल तसा पडतो, म्हणून तिथे रंग जरा गडद दिसतो. मोती-पांढरा तर आणखी हट्टी. चार हातांवरून दिसला नाही की मी समाधानी.

पत्र्यापर्यंत गेलेली वीतभर रेघ, पत्र्याला पोचा किंवा कडेला फुगलेला रंग असेल तर या भानगडीत पडू नये. तिथे लांबी भरणारा आणि गन चालवणारा माणूसच लागतो.

बंपर प्लॅस्टिकचा. तो गंजत नाही, त्यामुळे त्याला घाई नाही. माझ्या मागच्या बंपरवर गडग्याची तीन बोटं तीन वर्षं आहेत. यंदा मोहोराच्या दिवसांत बॉनेटवरचे अकरा टिपके झाले, बाटली संपली, आणि ती बोटं पुढच्या वर्षावर गेली.