तुझे नव्वद, माझे नव्वद

दहावीचा निकाल लागला तेव्हा तुमच्या घरी पहिला फोन कोणाचा आला होता? आमच्याकडे मावशीचा. तिच्या मुलीला ९२ टक्के, मला ८३. ती सीबीएसईची, मी एसएससीची. साल २०१९.

त्या वर्षी एसएससीला भाषा विषयांचे २० तोंडी मार्क नव्हते, शंभरच्या शंभर लेखी. राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर घसरला. सीबीएसईच्या मुलांना अंतर्गत २० मार्क होतेच. आणि अकरावीच्या यादीत आम्ही दोघी एकाच रांगेत! पुढच्या वर्षी तोंडी परत आली, कोरोनामुळे भूगोलाचा पेपर रद्द झाला आणि निकाल ९५.३० टक्के. वर्षभरात महाराष्ट्रातली पोरं इतकी हुशार झाली का हो?

हे भांडण आपल्यापेक्षा जुनं आहे. आपण बालवाडीत असताना सरकारने अकरावीसाठी पर्सेंटाइलचं सूत्र आणलं, ते कोर्टात पडलं. २००९ मध्ये ९० टक्के जागा एसएससीच्या मुलांना ठेवायचं ठरलं, तेही मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केलं. २०१०चं 'बेस्ट फाइव्ह' उच्च न्यायालयात हरलं आणि सुप्रीम कोर्टात टिकलं. म्हणजे दोन बोर्डांचे मार्क कसे जुळवायचे, हे न्यायाधीशांना ठरवावं लागत होतं.

बारावीनंतर तर देशभरची बोर्डं एकमेकांसमोर येतात. २०२१ मध्ये दिल्ली विद्यापीठातल्या काही कॉलेजांचा कटऑफ चक्क १०० टक्के होता. पुढच्याच वर्षी 'सीयूईटी' आली. तुमच्यापैकी काहींनी दिलीही असेल. पेपर मराठीसह १३ भाषांत मिळतो, हे चांगलंच. पण अभ्यासक्रम एनसीईआरटीचा. एचएससीवाल्याने बोर्डाची पुस्तकं वाचायची आणि वर ही वेगळी. पट्टी सगळ्यांना एकच, पण ती कोणाच्या तरी पुस्तकावरून कापलेली.

आता यात 'परख' आहे. नव्या शैक्षणिक धोरणातून २०२३ मध्ये एनसीईआरटीत सुरू झालेली ही संस्था. सगळ्या बोर्डांच्या मूल्यमापनाला एका पातळीवर आणणं हे तिचं काम. २०२४च्या अहवालात तिने सुचवलं की बारावीच्या निकालात नववीचे १५ टक्के, दहावीचे २०, अकरावीचे २५ आणि बारावीचे ४० टक्के धरावेत. (नववीत मी काय दिवे लावले होते ते आठवून मला घाम फुटला. शिफारस आहे, घाबरू नका.) एका दिवसाच्या पेपरवर सगळं ठरू नये, हा हेतू पटतो. पण नववीचे पेपर शाळाच काढते, शाळाच तपासते. एका शाळेचे ८० आणि दुसरीचे ८० सारखे कसे धरायचे? टक्केवारी वाटून दिली तरी हा प्रश्न उरतोच.

अमेरिकेत हेच झालं होतं. तिथे 'या मुलाला येतं' म्हणजे नेमकं किती येतं, हे प्रत्येक राज्य आपापलं ठरवायचं. एका राज्यात पास ठरलेला मुलगा शेजारच्या राज्यात नापास ठरू शकायचा. २०१० मध्ये केंद्र सरकारच्या पैशांवर राज्यांचे दोन गट झाले आणि त्यांनी समान परीक्षा बनवायला घेतल्या. त्यातल्या 'पार्क' गटात सुरुवातीला वीसहून जास्त राज्यं होती. २०१५ला पहिली परीक्षा होईपर्यंत जवळपास निम्मी गळाली, पुढे आणखी. परीक्षा लांबलचक, खर्च मोठा आणि वरून लादल्याचा राग. 'स्मार्टर बॅलन्स्ड' हा दुसरा गट मात्र टिकला.

आपल्याकडे राज्यांनी एकत्र बसून ठरवायची पायरी अजून यायची आहे. मला वाटतं, तिथे एसएससीच्या, मराठी शाळेत शिकवणाऱ्या शिक्षकांना खुर्ची मिळाली पाहिजे. नुसतं तयार पेपराचं भाषांतर करायला बोलावून चालणार नाही.

माझा धाकटा भाऊ यंदा नववीत आहे. त्याला ते १५ टक्क्यांचं सांगितलं. "म्हणजे बारावी आत्तापासूनच सुरू?" एवढं विचारून तो बॅट घेऊन खाली पळाला.