ज्याची त्याची मंडळी

परवा सायंकाळी धारवाडच्या सुभाष रोडवरून बाजार करून परतत असता एका वरातीने आमची वाट अडवली. पुढे बँड वाजत होता. बरोबरच्या पंधरा वर्षांच्या नातवास आम्ही थट्टेने म्हटले, "बघ, तुझ्या आवडीचा बँड!" तो हसून म्हणाला, "आजोबा, हा नव्हे. चार-पाच जण एकत्र येऊन स्वतःची गाणी स्वतःच बसवतात, तो बँड." घरी येताच त्याने कानांत इयरफोन घातले आणि त्याच्या आजीने नेहमीचा प्रश्न केला, "घरात मराठी गाण्यांचा एवढा साठा असताना हा ऐकतो तरी काय?"

वाचकहो, हा प्रश्न आपणांपैकी पुष्कळांच्या घरी रोज उठत असेल. शाळेत कन्नड आणि इंग्रजी, बाजारात कन्नड. मराठी उरते ती माजघरात, देवघरात आणि गाण्यात. मुलाचे गाणे बदलले की भाषाही हातची गेली, अशी धास्ती आपल्याला वाटते. ती खोटी नाही. पण तिच्यावरचा आपला उपाय बरोबर आहे काय?

चार-पाच जणांनी जमून गाण्याचा संसार थाटावा, ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही. तिला आपले आजोबा 'मंडळी' म्हणत. १ जानेवारी १९०८ रोजी आपल्या शेजारच्या हुबळीत 'ललितकलादर्श' नाटक मंडळी उभी राहिली, तेव्हा तिचे संस्थापक केशवराव भोसले अवघे १७ वर्षांचे होते. त्या काळी 'नाटकवाला' ही कुलीन घरांत जवळजवळ शिवीच होती. पोरे त्या पदांपायी अभ्यास बुडवीत आणि वडीलधारी मंडळी कपाळाला हात लावीत. आज तीच पदे आपण 'आपला ठेवा' म्हणून नातवंडांपुढे ठेवतो! शिवाय तो ठेवा तरी निव्वळ मराठी कुठे आहे? संगीत रंगभूमीचे प्रवर्तक अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. त्यांच्या नाटकांतील कित्येक पदांना कानडी चाली आहेत.

मुलाचा कान एकदा कुठे जडला की घराने काय करावे, याची दोन उदाहरणे या मुलखानेच दिली आहेत. गदगच्या जोशी मास्तरांच्या मुलाने अब्दुल करीम खाँसाहेबांची एक ध्वनिमुद्रिका ऐकली आणि १९३३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, गाण्यासाठी घर सोडले. गुरूच्या शोधात तो पार जालंधरपर्यंत गेला. शेवटी वडिलांनीच त्याला शोधून घरी आणले, आणि १९३६ साली गुरू लाभला तो हुबळीजवळच्या कुंदगोळचा, सवाई गंधर्व. हे भीमसेन जोशी.

दुसरे उदाहरण धारवाडातलेच. १९१३ साली येथे जन्मलेल्या गंगूबाई हनगल यांच्या मातोश्री अंबाबाई स्वतः कर्नाटक संगीताच्या जाणकार गायिका. मुलीचा ओढा हिंदुस्थानी गायकीकडे दिसला, तेव्हा तिच्या कानावर दोन वळणांचे मिश्रण होऊ नये म्हणून या माउलीने आपले गाणेच थांबवले. आपली परंपरा मुलीच्या गळ्यात उतरावी, असे तिला वाटले नसेल काय? पण तिने आधी मुलीचा कान ओळखला.

आमच्याकडून एवढे झाले नाही, हे कबूल केले पाहिजे. आमच्या लहानपणी दर बुधवारी रात्री आठ वाजता रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' लागे. वडील म्हणत, "बंद करा ते सिलोनचे खूळ!" आम्ही आवाज बारीक करून रेडिओला कान लावून बसत असू. पन्नास वर्षांनी त्याच सुरात आम्ही नातवावर खेकसतो, हे त्या संध्याकाळी उमजले आणि आमचे आम्हांलाच हसू आले.

मग आम्ही त्याच्याशेजारी बसलो व म्हटले, "एक इधर आमच्या कानाला दे पाहू." त्याने दिला. गिटार, ढोलकाचा ठेका आणि त्यावर एक मोकळा आवाज. रघू दीक्षित यांचा तो बँड शिशुनाळच्या संत शरीफांचे पद गात होता. ज्या संताला जाऊन शंभराहून अधिक वर्षे लोटली, त्याचे पद! आम्ही फोनचा आवाज मोठा करावयास सांगितला. आतून आजी पदर सावरीत बाहेर आल्या. "अगंबाई, हे तर पलीकडच्या घरी भजनात म्हणतात!" त्यांनी शेवटची ओळ कन्नडमध्ये गुणगुणलीसुद्धा. नातू अवाक झाला. आजीला हे ठाऊक असेल, हे त्याच्या स्वप्नातही नव्हते. आणि आपल्या नातवाच्या कानात इतके दिवस आपल्याच मुलखातला संत बसला होता, हे आजीच्या.

तेव्हापासून आमच्या घरी बुधवारचा रिवाज पडला आहे. रात्री आठ वाजता एक गाणे त्याचे, एक आमचे. त्याने मागितलेला अर्थ आम्ही सांगावयाचा, आम्ही मागितलेला त्याने. गेल्या बुधवारी बालगंधर्व लावले. पद संपल्यावर तो म्हणाला, "आजोबा, आवाज गोड आहे, पण फार लांबवतात." आजी रागावणार, एवढ्यात त्याने विचारले, "पण 'नाथा' असे ते कोणाला म्हणतात?"

रागावणे राहून गेले. आजी अर्थ सांगू लागल्या, मराठीत.