बॅकअप आहे म्हणता? मग एकदा उघडून दाखवा

बॅकअपवरचा व्हिडिओ टाकला आणि त्याखाली बहुतेकांनी एकच गोष्ट लिहिली, "सर, आमचा बॅकअप रोज होतो." छान. आता माझा एकच प्रश्न आहे. त्या बॅकअपमधून तुम्ही शेवटचं काही परत कधी आणलं?

परत आणणं म्हणजे पेन ड्राइव्हवर फाईल दिसतेय का एवढं बघणं नव्हे. ती फाईल रिस्टोअर करायची, कंपनी उघडायची, एखाद्या पार्टीचं लेजर काढायचं आणि कालचं बिल त्यात आहे का ते बघायचं. हे कधी केलंय? व्हिडिओत हा भाग मी दोन वाक्यांत उरकला, ती माझी चूक. म्हणून हा लेख.

माझ्या क्लासला येऊन गेलेले एक व्यापारी आहेत, चिपळूणच्या बाजारपेठेत त्यांचं हार्डवेअरचं दुकान. माणूस शिस्तीचा. रोज संध्याकाळी शटर ओढायच्या आधी टॅलीचा बॅकअप एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर घ्यायचे आणि डिस्क काउंटरच्या ड्रॉवरमध्ये ठेवून कुलूप लावायचे. चोरी होऊ नये म्हणून कुलूप! २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं. तळमजल्यावरची दुकानं पाण्याखाली गेली. पाणी ओसरल्यावर त्यांनी शटर उचललं, तेव्हा कॉम्प्युटर चिखलात होता, आणि ड्रॉवरही चिखलात होता. कुलूप शाबूत.

नेटवर्क आल्यावर त्यांचा फोन आला. मला वाटलं मालाचं सांगतील. ते म्हणाले, "सर, माल गेला तो गेला, त्याचं बघू. पण कोणाकडून किती यायचेत तेच मला माहीत नाही."

हे वाक्य नीट ऐका. दुकानाचा माल डोळ्यांना दिसतो, म्हणून त्याची काळजी आपण घेतो. उधारी दिसत नाही. ती फक्त टॅलीत असते. टॅली गेली की समोरचा देणेकरी देव झाला, त्याने द्यावं आणि आपण घ्यावं.

मग काय काय परत मिळालं, ते सांगतो, कारण हे प्रत्येकाला माहीत असायला हवं. सीएंच्या ऑफिसात ऑडिटसाठी दिलेली ३१ मार्चची कॉपी होती. तिथपर्यंतचा हिशोब वाचला. १ एप्रिलपासून पुढचा सगळा गेलेला. जीएसटी पोर्टलवरून जीएसटीआर-१ काढला, त्यातून नंबरवाल्या पार्ट्यांची विक्रीबिलं मिळाली. जीएसटीआर-२बी वरून खरेदी मिळाली. बँकेचं स्टेटमेंट काढलं, त्यावरून कोणाचे पैसे आले आणि कोणाला दिले ते जुळवलं. जुलैचे बावीस दिवस कुठल्याच रिटर्नमध्ये नव्हते, ते व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या बिलांच्या फोटोंवरून आणि सप्लायरकडून लेजर मागवून उभे केले.

आणि काय मिळालं नाही? गवंडी, प्लंबर, इलेक्ट्रिशियन, घर बांधणारा एखादा शेजारी. ज्यांच्याकडे जीएसटी नंबर नाही अशा गिऱ्हाइकांची विक्री जीएसटीआर-१ मध्ये एकत्रित आकड्यात जाते, नावं त्यात नसतात. या लोकांची जवळपास पावणेचार महिन्यांची उधारी पोर्टलवर कुठेच नाही. काहीजण स्वतः येऊन सांगून गेले, कोकणात अशी माणसं आहेत. बाकीचे आले नाहीत, आणि मागायला जायचं तर आकडा सांगता येत नव्हता.

दुसरा फटका विम्याचा. सर्व्हेअर येतो आणि विचारतो, पाणी शिरलं त्या दिवशी स्टॉक किती होता? स्टॉक स्टेटमेंट कॉम्प्युटरमध्ये, कॉम्प्युटर चिखलात. वर जीएसटीचं कलम १७(५)(एच) आहेच. नष्ट झालेल्या मालावर घेतलेलं इनपुट क्रेडिट परत करावं लागतं. म्हणजे किती माल गेला हे सिद्ध करायलाही जुना हिशोब लागतो.

कायद्याचं निघालंच आहे तर सांगतो. सीजीएसटी नियमांमधला नियम ५७ फार कमी लोकांनी वाचलाय. इलेक्ट्रॉनिक रेकॉर्ड ठेवत असाल तर त्याचा बॅकअप असा ठेवा, की अपघातात किंवा नैसर्गिक कारणाने रेकॉर्ड नष्ट झालं तरी वाजवी वेळात माहिती परत आणता आली पाहिजे, असं तो सांगतो. कायदासुद्धा 'परत आणता आली पाहिजे' म्हणतो! आणि हे रेकॉर्ड वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळायचं. २०२३-२४ चं वार्षिक रिटर्न ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत होतं, म्हणजे त्या वर्षाचा हिशोब डिसेंबर २०३० पर्यंत उघडता आला पाहिजे. प्रायव्हेट लिमिटेड असाल तर ऑगस्ट २०२२ च्या बदलानंतर हिशोबाच्या पुस्तकांचा बॅकअप रोजच्या रोज, भारतातल्या सर्व्हरवर हवा. तुमच्या सीएंना विचारा.

आता 'तीन-दोन-एक'. पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन फोटोग्राफरने हा नियम लोकप्रिय केला. एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. चिपळूणच्या दुकानात दोन प्रती होत्या, पण जागा एकच. दुसरी जागा म्हणजे शेजारचं टेबल नाही. दुसरी इमारत, शक्यतो पूररेषेच्या वरची. दुकान खाली बाजारात आणि घर वर चढावर असेल तर डिस्क खिशात घालून घरी न्या, एवढं सोपं आहे. दोन डिस्क घ्या, एक दुकानात, एक घरी, आणि दर दोन-तीन दिवसांनी अदलाबदल करा.

"सर, आमचं सगळं क्लाउडवर आहे." हेही बरेच जण लिहितात. क्लाउड म्हणजे दुसऱ्या कोणाचा तरी कॉम्प्युटर. १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला ओव्हीएचक्लाउड कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली आणि एक अख्खी इमारत जळाली. काही ग्राहकांच्या वेबसाइटसोबत त्यांचे बॅकअपही त्याच ठिकाणी होते. ड्रॉवर मोठा, गोष्ट तीच.

गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हचं फोल्डर कॉम्प्युटरशी जोडून टॅलीचा डेटा त्यात ठेवणारे तर खूप आहेत. ते सिंक आहे, बॅकअप नाही. तुम्ही इकडे फाईल डिलीट केली की तिकडेही जाते. गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीत ती ३० दिवस राहते, मग संपली. अकाउंटंटने चुकून मागच्या वर्षाची कंपनी उडवली आणि ते तुम्हाला ऑडिटच्या वेळी कळलं, तर? क्लाउड वापराच, माझा विरोध नाही. १५ जीबी फुकट मिळतं आणि लहान दुकानाचा टॅलीचा बॅकअप त्यात सहज बसतो. फक्त बॅकअपची फाईल तारखेच्या नावाने वेगळी चढवा, रोज त्याच फाईलवर नवी फाईल टाकू नका.

आणि डिस्क काम झाल्यावर काढून ठेवा. चोवीस तास कॉम्प्युटरला लटकलेली डिस्क रॅन्समवेअरच्या दृष्टीने कॉम्प्युटरचाच भाग असते. हे आपल्याकडे घडत नाही असं वाटत असेल तर २७ जून २०१७ आठवा. नॉटपेट्या नावाच्या व्हायरसने मर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा जगभर बसवली, आणि न्हावा शेवाच्या बंदरातलं त्यांच्या समूहाचं टर्मिनलही अडकलं. इतक्या मोठ्या कंपनीच्या ठिकठिकाणच्या मुख्य सर्व्हरवर एकमेकांच्या प्रती होत्या, पण ते सगळे एकमेकांना जोडलेले, त्यामुळे एका फटक्यात गेले. वाचला तो घानामधला एक. का? तर त्या वेळी तिथली लाइट गेली होती आणि तो सर्व्हर बंद होता. लोडशेडिंगचा एवढा उपयोग मी दुसरीकडे ऐकलेला नाही. तुमची कपाटात ठेवलेली, वायर काढलेली डिस्क म्हणजे तो घानाचा सर्व्हर.

अजून एक उदाहरण, कारण ते थेट आपल्या मुद्द्याचं आहे. गिटलॅब ही सॉफ्टवेअरवाल्यांची कंपनी. ३१ जानेवारी २०१७ ला त्यांच्या एका इंजिनिअरने रात्री काम करताना चुकीच्या सर्व्हरवरचा डेटा उडवला. घाबरायचं कारण नव्हतं, कारण बॅकअपच्या एक नाही, पाच पद्धती होत्या. मग एकेक उघडून बघितली. रोजचा बॅकअप ठेवायची जागाच रिकामी निघाली. सॉफ्टवेअरच्या व्हर्जनचा मेळ नसल्याने तो कधीपासून होतच नव्हता, आणि 'बॅकअप फेल झाला' हे सांगणारे ईमेलही पोचत नव्हते. शेवटी सहा तासांपूर्वी एकाने दुसऱ्याच कामासाठी घेतलेली प्रत सापडली, त्यावर निभावलं. हे दुरुस्तीचं काम त्यांनी यूट्यूबवर लाइव्ह दाखवलं, त्या धाडसाला माझा सलाम. पण पाच पद्धतींपैकी एकही कोणी आधी उघडून बघितली नव्हती.

तर आता येत्या सुट्टीच्या दिवशी बसा. डी ड्राइव्हवर एक नवं रिकामं फोल्डर करा, नाव द्या 'तपासणी'. टॅलीप्राइममध्ये ऑल्ट आणि वाय दाबून डेटा मेन्यूत जा, रिस्टोअर घ्या. सोर्समध्ये तुमची बॅकअपची जागा, डेस्टिनेशनमध्ये हे 'तपासणी' फोल्डर. इथे घाई करू नका. डेस्टिनेशनमध्ये रोजचं डेटा फोल्डर तसंच राहिलं तर जुना बॅकअप आजच्या चालू हिशोबावर जाऊन बसेल आणि मधल्या एंट्र्या पुसल्या जातील. डेटा वाचवायला बसून डेटा घालवलेले लोक मी बघितलेत. तपासणीच्या आधी एक ताजा बॅकअप वेगळ्या पेन ड्राइव्हवर घेऊनच ठेवा.

रिस्टोअर झालं की रोजची कंपनी बंद करा, सिलेक्ट कंपनीमध्ये स्पेसिफाय पाथ निवडून 'तपासणी'मधली उघडा. डे बुकमध्ये शेवटची तारीख कुठली आहे? एखाद्या मोठ्या पार्टीचा बॅलन्स बॅकअपच्या दिवशी होता तोच दिसतो का? कॅश जुळते का? हे सगळं व्हायला किती मिनिटं लागली ते लिहून ठेवा. मग ती कंपनी बंद करून 'तपासणी' फोल्डर उडवून टाका, नाहीतर सोमवारी अकाउंटंट त्यातच बिलं टाकत बसेल.

पुढच्या महिन्यात हेच दुसऱ्या कॉम्प्युटरवर करा. तिथे वेगळ्याच अडचणी येतात. त्यावर टॅलीचं जुनं व्हर्जन असेल तर नव्या व्हर्जनचा डेटा उघडत नाही. टॅलीव्हॉल्ट लावलं असेल तर पासवर्ड लागतो, आणि तो हरवला तर टॅलीवालेही उघडून देऊ शकत नाहीत. तो पासवर्ड नोकरी सोडून गेलेल्या अकाउंटंटच्या डोक्यात असेल तर आजच फोन करा, त्याचं लग्नबिग्न ठरून गाव बदलायच्या आत.

यासाठी एक कागद करा. हो, कागदच, कारण कॉम्प्युटर बंद पडल्यावर कॉम्प्युटरमधली यादी काय कामाची? त्यावर टॅलीचा सिरियल नंबर आणि तो ज्या ईमेलवर नोंदलाय तो ईमेल, कुठली डिस्क कुठे आहे, दुरुस्तीवाल्याचा आणि सीएंचा नंबर, विम्याची पॉलिसी नंबरसह, आणि जीएसटी पोर्टलचा ओटीपी कोणाच्या मोबाइलवर येतो ते. हा शेवटचा मुद्दा किरकोळ वाटतो, पण चिपळूणच्या केसमध्ये तिथेच दोन दिवस गेले. नोंदणी करून देणाऱ्याने स्वतःचा नंबर टाकलेला होता. सायबर फसवणुकीत पैसे गेले तर १९३० हा हेल्पलाइन नंबरही लिहा. कागदाची एक प्रत घरी. पासवर्ड मात्र या कागदावर नको, ते घरच्या कपाटात बंद पाकिटात.

किती वेळा बॅकअप घ्यायचा, हे मला विचारू नका, स्वतःला विचारा. किती दिवसांची बिलं पुन्हा हाताने टाकायची तुमची तयारी आहे? दिवसाला पंधरा बिलं आणि त्यांची कार्बन कॉपी फाईलला असेल तर दोन दिवसांनी घेतला तरी चालेल. दिवसाला दोनशे बिलं काउंटरवर फाडत असाल तर रोज रात्री, दुसरा पर्याय नाही. आणि ऑर्डर व्हॉट्सअ‍ॅपवर येत असतील तर त्या फोनचाही बॅकअप चालू आहे का बघा.

चिपळूणच्या त्या मंडळींची एक डिस्क आता वरच्या भागात राहणाऱ्या मेहुण्याकडे असते. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ते रिस्टोअर करतात आणि एकूण येणं किती, तो आकडा वहीत लिहितात. पेनाने.

तुम्ही रिस्टोअर करताना कुठे अडलात तर स्क्रीनवर आलेला मेसेज जसाच्या तसा आणि टॅलीचं व्हर्जन लिहून कमेंटमध्ये टाका. फोटोत कंपनीचं नाव आणि जीएसटी नंबर दिसत असेल तर आधी झाका.