कोणत्या रिळाला उद्या मोल येईल?

रीळ म्हटले की हल्ली घरातली मुले मोबाइलकडे बघतात. मी बोलतो आहे ते गळाच्या काठीला बसवलेल्या चक्राबद्दल. त्यावर तंगुसाची दोरी गुंडाळलेली असते आणि मूठ फिरवली की ती आत येते. गेली वीस वर्षे मी या रिळांचा अभ्यास करतो. शिक्षण वाणिज्य शाखेचे, नोकरी पतपेढीत. यंत्रांचे जे काही ज्ञान आहे ते रिळे खोलून, बिघडवून आणि जुन्या कॅटलॉगांतल्या आकृत्या पाहून पुन्हा जोडताना मिळालेले. भेटणारे लोक बहुधा एकच प्रश्न विचारतात : आज दुकानात मिळणाऱ्या रिळांपैकी कोणते घेऊन ठेवावे, म्हणजे तीस वर्षांनी संग्राहक त्याच्या मागे लागतील?

हा प्रश्न २००१ साली मी स्वतःलाच विचारला होता आणि उत्तर साफ चुकले होते. बोनसच्या पैशांतून, आखातात असलेल्या मावसभावाकरवी मी ‘मर्यादित आवृत्ती’ची दोन रिळे मागवली. मखमलीचा खोका, अंगावर कोरलेला क्रमांक, सोबत प्रमाणपत्र. ती न वापरता कपाटात ठेवली. त्याच सुमारास अण्णांचे जुने लाल रीळ, रंग उडालेले आणि एक स्क्रू हरवलेले, ओळखीच्या एका गृहस्थांना तीनशे रुपयांना देऊन टाकले. ते रीळ अण्णांना बोटीवरच्या एका मित्राने परदेशातून आणून दिले होते. भाट्याच्या खाडीत त्याच्यावर त्यांनी किती तांबोशी काढल्या याची गणती नाही.

अठरा वर्षांनी खोके उघडले. आतले वंगण मेणासारखे थिजले होते, मुठीवरचा मऊ रबरी लेप बोटांना चिकटत होता. विकायला काढली तेव्हा मुद्दलही पुरते आले नाही, कारण माझ्यासारख्याच शेकडो शहाण्यांनी ती तशीच, खोक्यासकट, जपून ठेवली होती. लाल रीळ मात्र स्वीडनच्या आबू कंपनीचे ‘अ‍ॅम्बॅसडर ५०००’ होते. ते काय होते हे मला कळेपर्यंत ते हातचे गेले होते.

आबूची गोष्ट सांगायलाच हवी. ही कंपनी १९२१ साली स्वीडनमधल्या स्वेंगस्टा या गावी निघाली. नावातच घड्याळांचा कारखाना असा अर्थ आहे. तिथे टॅक्सीचे मीटरही बनत. दुसऱ्या महायुद्धात टॅक्सीच्या मीटरांची मागणी आटली, आणि बारीक गिअर कापणारे ते कुशल हात रिळांकडे वळले. १९५२ साली लाल रंगाचे ५००० आले. गळ फेकताना मूठ गरगर न फिरता फक्त मधले चक्र सुटे फिरावे, ही सोय त्यात होती. त्याच्या पायावर, म्हणजे काठीला बसणाऱ्या पट्टीवर, आकडे ठोकलेले असत. पहिले दोन अंक वर्षाचे, पुढचे दोन महिन्याचे. ७३०५ दिसले की १९७३ चा मे. संग्राहकाला असली खूण म्हणजे पर्वणीच. वस्तू स्वतःच आपला जन्मदाखला घेऊन फिरते.

रिळांचा इतिहास पाहू लागलो तसे घड्याळजी पुन्हापुन्हा भेटत गेले. अमेरिकेत केंटकी राज्यात एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी गिअरची रिळे घडवणारा जॉर्ज स्नायडर हा घड्याळे दुरुस्त करणारा. फ्रान्सचे ‘मिशेल’ रीळ क्लूज गावचे, तेही घड्याळांच्या सुट्या भागांसाठी प्रसिद्ध असलेल्या खोऱ्यातले. म्हणून रिळाचे भवितव्य ओळखायचे तर घड्याळाकडे बघावे, असे माझे मत झाले आहे. आपल्याकडचे एचएमटीचे उदाहरण घ्या. चावीचे ‘जनता’ घड्याळ घराघरांत होते तेव्हा त्याला संग्रहाची वस्तू कोणी म्हटले नाही. कारखाने बंद पडल्यावर शोधाशोध सुरू झाली, आणि ती करणारे बहुतेक जण लहानपणी वडिलांच्या मनगटावर ते पाहिलेले.

इथेच पहिली खूणगाठ मिळते. माणूस पन्नाशीत जे विकत घेतो ते बाराव्या वर्षी त्याला हवेसे वाटलेले असते. तेव्हा आजच्या कॅटलॉगमध्ये सर्वांत महाग काय, हे बघून फारसे काही कळत नाही. आज काठावर उभा राहून एखादे पोर कोणाच्या काठीकडे टक लावून पाहते आहे, ते बघावे.

पण नुसत्या प्रेमाने भाव येत नाही. मिशेल ३०० वर प्रेम करणारे जगभर आहेत. मात्र ते कोटीहून अधिक बनले आणि मजबूत असल्याने टिकलेही. त्यामुळे साधे ३०० आजही स्वस्तात मिळते. अगदी सुरुवातीच्या घडणीचे मात्र लोक शोधत असतात. इंग्लंडच्या हार्डी कंपनीचे १८९१ पासूनचे ‘परफेक्ट’ही असेच. पहिली पितळी रिळे मौल्यवान, कारण बनली थोडी आणि नदीवर झिजून त्यांतलीही बरीच गेली. हिंदुस्थानात महसीरच्या नादी लागलेले साहेब विलायती सरंजाम घेऊन येत. एच. एस. थॉमस यांचे या विषयावरचे ‘द रॉड इन इंडिया’ १८७३ चे आहे. वापरात संपणे हीच टंचाईची खरी वाट. कपाटात ठेवलेली वस्तू संपत नाही, म्हणून दुर्मीळही होत नाही. आबूचे सोन्याचा मुलामा दिलेले, लाकडी पेटीतले ‘डीलक्स’ महाग जाते, हे कोणी मला दाखवून देईल. खरे आहे. पण त्याच्या आधी साध्या लाल रिळाने नाव कमावलेले होते.

भाकीत करणाऱ्याने नम्र का राहावे, ते आबूच्याच ‘कार्डिनल ३’ने शिकवले. सत्तरच्या दशकातले हे छोटे रीळ युरोप-अमेरिकेत एक चांगले रीळ, एवढेच होते. जपानमधल्या डोंगरी ओढ्यांवर ट्राउट पकडणाऱ्यांनी ते उचलून धरले. मागणी इतकी झाली की तिथल्या बाजारासाठी त्या घडणीची रिळे नव्याने काढावी लागली. स्वीडनमध्ये बसून हे कोणाला सुचले असते?

आता आजच्या रिळांकडे. मी हातात घेतले की आधी विचारतो : हे साध्या हत्यारांनी खोलता येईल का, आणि आतला भाग मोडला तर चांगला लेथवाला तो घडवून देईल का? या कसोटीवर ठोकळ्यातून कापून काढलेली अ‍ॅल्युमिनियमची फ्लाय-रिळे, एबल किंवा टिबॉरची, उत्तम उतरतात. भाग थोडे, आणि ब्रेकला बुचाची चकती. पेनचे सोनेरी ‘इंटरनॅशनल’ही तसेच. शिमानो ही जपानची कंपनी, तीही १९२१ चीच, सायकलच्या फ्रीव्हीलपासून सुरू झालेली. तिच्या एका गोल रिळाचे नाव चक्क ‘कलकत्ता’ आहे. त्यातल्या ‘कलकत्ता कॉन्क्वेस्ट’ या सोनेरी घराण्याच्या पहिल्या पिढीवर माझी पैज आहे.

त्याच घराण्यातल्या ‘डीसी’बद्दल मात्र मन कचरते. त्यात चिप असते. चक्र फिरताना तयार होणाऱ्या विजेवरच ती चालते आणि दोरीचा गुंता होऊ नये म्हणून ब्रेक सांभाळते. कल्पना इतकी सुंदर की पहिल्यांदा तो बारीक सूर ऐकला तेव्हा मी चार वेळा उगाच गळ फेकला. पण चिप गेली की कुठला लेथवाला मदत करणार? कंपन्या सुटे भाग काही ठरावीक वर्षेच देतात. मॅग्नेशियमच्या अंगाच्या हलक्या रिळांबद्दलही हेच. कोकणच्या खाऱ्या हवेत रंगाला एक चरा पडला की खालचा धातू पिठासारखा फुलतो. मी अशी तीन पाहिली आहेत. तिन्हींचे मालक पाण्याने धुणारे, काळजी घेणारे होते.

ठेवायचेच असेल, तर दर दोन वर्षांनी जुने वंगण काढून नवे घाला, ब्रेक सैल करून ठेवा, खोका आणि बिल फेकू नका. आणि वापरा. चरे पडले तर पडू देत. आपण घासूनपुसून, रंगवून ते नवे करू नये, एवढे पाळले की पुरे.

गेल्या वर्षी मी एक कॉन्क्वेस्ट घेतले, जुने, कोणीतरी वापरलेले. सध्या ते पुतण्याकडे असते. रविवारी तो पुलाखाली जातो आणि संध्याकाळी वाळू अडकलेले रीळ माझ्यासमोर आणून ठेवतो. तीनशे रुपयांचे गृहस्थ आता हयात नाहीत. त्यांच्या मुलाला मी दोनदा विचारले. माळ्यावर बघतो म्हणाला. अण्णांच्या रिळाचा पहिला आकडा ६ होता, पुढचे मी कधी वाचलेच नाहीत.