पगारावर न ठेवता टेक्नॉलॉजीचा अनुभवी माणूस: अर्धवेळ सीटीओ कधी घ्यावा, कसा घ्यावा?



धनत्रयोदशीची संध्याकाळ म्हणजे भांड्यांच्या दुकानासाठी वर्षातला सगळ्यात मोठा दिवस. तीन वर्षांपूर्वी याच दिवशी, साधारण साडेसहा वाजता, आमच्या दोन्ही शाखांतली बिलिंगची स्क्रीन उघडायची बंद झाली. काउंटरवर रांग रस्त्यापर्यंत गेलेली, पोरं गोंधळलेली. मी जुनी बिलबुकं काढली आणि हाताने बिलं फाडायला सुरुवात केली. दर पाठ नव्हते, स्टॉक कळत नव्हता. वर्षानुवर्षं आमच्याकडे येणारी माणसं दहा मिनिटं थांबली आणि समोरच्या दुकानात गेली.

कारण काय निघालं? आमचं सॉफ्टवेअर ज्या डोमेनवर चालायचं, त्या डोमेनची मुदत संपली होती. डोमेन होतं ते सॉफ्टवेअर बनवून देणाऱ्या ओळखीच्या मुलाच्या नावावर. तो नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेलेला, आणि रिन्यूअलचे मेल त्याच्या जुन्या ईमेलवर जात होते. त्याने फसवलं नव्हतं. फोन लागल्यावर बिचाऱ्याने रात्रीच पैसे भरले. मुदत संपल्यावर रिन्यू करायला थोडे दिवस मिळतात, म्हणून डोमेन वाचलं. पण धंद्याची संध्याकाळ गेली ती गेलीच.

चूक माझी होती. दुकानाचं भाडेपत्र कुणाच्या नावावर आहे हे मला झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं. डोमेन कुणाच्या नावावर आहे, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. आणि हा प्रश्न मला विचारणारा माणूसही माझ्याकडे नव्हता.

आजचा लेख त्या माणसाबद्दल आहे.

हा माणूस नेमका कोण?

मोठ्या कंपन्यांत सीटीओ नावाचं पद असतं, म्हणजे मुख्य टेक्नॉलॉजी अधिकारी. कोणतं सॉफ्टवेअर घ्यायचं, कोणतं बनवायचं, त्यावर किती खर्च करायचा, डेटा सुरक्षित कसा ठेवायचा, हे तो ठरवतो. असा अनुभवी माणूस पूर्ण पगारावर ठेवणं तुमच्या-माझ्या आवाक्यात नाही. आणि खरं सांगायचं तर आपल्याकडे त्याला महिनाभर पुरेल एवढं कामही नसतं.

म्हणून अर्धवेळ सीटीओ. आठवड्यातले काही तास किंवा महिन्यातले काही दिवस तो तुमच्यासाठी देतो आणि त्याचे पैसे घेतो. इंग्रजीत याला फ्रॅक्शनल सीटीओ म्हणतात. नाव नवीन आहे, पण पद्धत आपल्याला नवीन नाही. तुमचा सीए तुमच्या पगारावर आहे का? नाही. तरी मोठा निर्णय घ्यायच्या आधी तुम्ही त्याला फोन करताच ना? तसंच हे.

एक फरक मात्र पक्का लक्षात ठेवा. डेव्हलपर म्हणजे गवंडी आणि सीटीओ म्हणजे आर्किटेक्ट. गवंडी कितीही हुशार असला तरी तुम्ही सांगाल तिथे भिंत बांधेल. ती भिंत तिथे हवी का, हे सांगणं आर्किटेक्टचं काम. आपण बहुतेक जण थेट गवंड्याला बोलावतो आणि मग घर तीनदा पाडतो.

तुम्हाला गरज आहे का? आधी प्रामाणिकपणे तपासा

एकच दुकान आहे, तयार बिलिंग सॉफ्टवेअर आणि व्हॉट्सअॅप बिझनेसवर काम नीट चाललंय, तर हा खर्च करू नका. सरळ सांगतो. तो पैसा मालात घाला.

पण खालच्यापैकी दोन-तीन गोष्टी तुमच्याकडे घडत असतील, तर विचार करायची वेळ आली आहे.

१. एकच ऑर्डर तीन ठिकाणी लिहावी लागते. आधी वहीत, मग एक्सेलमध्ये, मग टॅलीत. आणि महिन्याच्या शेवटी तिन्ही आकडे वेगळे.

२. एकाच कामासाठी ८० हजार, ३ लाख आणि ९ लाख अशी तीन कोटेशनं आली आहेत, आणि फरक कशाचा हे तुम्हाला कळत नाही.

३. एक माणूस फोन उचलत नाही, तेव्हा तुमचा धंदा थांबतो.

४. ग्राहकांची नावं, नंबर, पत्ते तुमच्याकडे हजारोंनी जमले आहेत. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये आला. डेटाच्या सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. आपल्यासारख्यांना एवढा दंड होईल असं नाही, पण 'आम्ही लहान आहोत' हे उत्तर पुरणार नाही.

५. उलाढाल ५ कोटींच्या दिशेने चालली आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींच्या वर वार्षिक उलाढाल असलेल्यांना, काही अपवाद सोडले तर, व्यापाऱ्यांना दिलेल्या बिलांसाठी ई-इन्व्हॉइस लागतं. तुमचं सॉफ्टवेअर त्यासाठी तयार आहे का, हे आकडा ओलांडायच्या आधी बघायचं असतं.

पहिल्या महिन्यात त्याने काय करायला हवं?

आमच्याकडे जे सर आले, ते पुण्यात आयटीत बरीच वर्षं काम करून गावी परतलेले. मला वाटलं, येतील आणि नवीन अॅपची योजना मांडतील. पहिल्या दिवशी ते दुकानात स्टुलावर बसून राहिले. माल कसा उतरतो, बारकोड कोण लावतं, बिल कसं होतं, परत आलेला माल कुठे नोंदवतात, एवढंच बघत होते. दुसऱ्या दिवशी गोडाऊनमध्ये.

मग त्यांनी एक कागद केला. त्यात चार रकाने: आपण कोणती सॉफ्टवेअर आणि सेवा वापरतो, त्या कुणाच्या नावावर आहेत, ओटीपी कुणाच्या मोबाइलवर येतो, मुदत कधी संपते. तो कागद भरताना मला घाम फुटला. एका सेवेचा ओटीपी दोन वर्षांपूर्वी काम सोडून गेलेल्या मुलाच्या नंबरवर जात होता.

त्या महिन्यात पुढची कामं झाली. सगळी खाती दुकानाच्या ईमेलवर आली. बॅकअप रोज आपोआप होऊ लागला. आणि तो बॅकअप उघडून, परत चालू करून बघितला. मित्रांनो, हे फार महत्त्वाचं आहे. जो बॅकअप कधी उघडून बघितला नाही, तो आहे असं धरू नका.

आणि माझं अॅप? त्यासाठी मी साडेपाच लाख बाजूला ठेवले होते. सर म्हणाले, "तुमचं गिऱ्हाईक वर्षातून चार वेळा भांडी घेतं. ते फोनमध्ये तुमचं अॅप कशाला ठेवेल?" राग आला मला. दोन दिवस बोललो नाही. मग शांतपणे विचार केला, तेव्हा पटलं की अॅप मला हवं होतं, गिऱ्हाइकाला नव्हे. ते पैसे वाचले. दोन्ही शाखांचा स्टॉक एकाच ठिकाणी दिसेल असं तयार सॉफ्टवेअर त्याच्या कितीतरी कमी खर्चात बसलं.

पैसे किती आणि कसे द्यायचे?

तीन पद्धती आहेत. तासावर, ठरलेल्या कामावर, किंवा महिन्याला ठरावीक रक्कम. माझा सल्ला असा: सुरुवात ठरलेल्या कामाने करा. 'तीन आठवडे, आमच्या सगळ्या व्यवस्थेची तपासणी, शेवटी लेखी अहवाल, एवढी फी.' अहवाल वाचून तुम्हाला काही समजलं आणि माणूस पटला, तरच पुढचे सहा महिने मासिक रकमेवर ठरवा.

परवडेल का, हे बघायचा साधा हिशोब सांगतो. समजा, फी महिन्याला २५ हजार आहे, म्हणजे वर्षाला ३ लाख. आता लिहून काढा: वर्षभरात न वापरलेल्या सॉफ्टवेअरवर किती गेले, स्टॉक चुकल्यामुळे किती ऑर्डर परत गेल्या, तीनदा नोंदी करण्यात माणसाचे किती तास गेले. ही बेरीज ३ लाखांच्या आसपासही येत नसेल, तर अजून थांबा. त्याच्या वर असेल, तर तो खर्च तुम्ही आधीच करताय, फक्त दिसत नाही.

फीवर जीएसटी लागत असेल तर तो १८ टक्के धरा. तुम्ही कंपोझिशन योजनेत असाल तर त्याचं क्रेडिट मिळत नाही, म्हणजे तो पूर्ण खर्चच. टीडीएस कापायचा का, किती, हे सीएला आधी विचारा, नंतर नाही.

निवडताना विचारायचे पाच प्रश्न

- आमच्या धंद्यात तुम्ही काय करू नका म्हणाल? याचं उत्तर नसेल तर तो विकायला आला आहे.
- तुम्ही सुचवलेल्या सॉफ्टवेअरवर तुम्हाला कमिशन मिळतं का? मिळत असेल तर ते लेखी सांगा.
- सध्या किती जणांचं काम बघता, आणि त्यात आमचा स्पर्धक आहे का?
- सणासुदीत काही बंद पडलं तर फोन कोण उचलणार?
- तुम्ही उद्या काम सोडलंत, तर आमच्या हातात काय राहील?

आणि एक परीक्षा तुम्ही मनातल्या मनात घ्या. त्याने सांगितलेलं तुमच्या काउंटरवरच्या पोराला कळतंय का? जो साध्या मराठीत समजावू शकत नाही, त्याच्याबरोबर तुमचं जमणार नाही.

शोधायचं कुठे? सीएला विचारा, एमआयडीसीतल्या उद्योजक संघटनेत विचारा, पुण्यात असाल तर मराठा चेंबरमध्ये ओळखी काढा, लिंक्डइनवर बघा. मोठ्या शहरातून गावी परतलेले अनुभवी लोक आता बऱ्याच ठिकाणी आहेत.

करार: इथे आळस नको

आपल्याकडे 'अहो, घरातलाच माणूस आहे' म्हणून कागद होत नाही. पण हे वाचा.

कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणे संगणकाचा प्रोग्रॅम ही साहित्यकृती धरली जाते. तुमच्या नोकरीत असलेल्या माणसाने कामाचा भाग म्हणून कोड लिहिला, तर वेगळा करार नसल्यास तो तुमचा. पण बाहेरच्या माणसाने लिहिलेला कोड, पैसे दिले म्हणून आपोआप तुमचा होत नाही. हक्क तुम्हाला दिल्याचं लेखी आणि सहीनिशी असावं लागतं. त्यात मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणून दोन्ही स्पष्ट लिहून घ्या.

दुसरं, 'आमचं काम सोडल्यावर दोन वर्षं स्पर्धकाकडे जाणार नाही' अशी अट घालून निश्चिंत होऊ नका. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम २७ प्रमाणे धंदा करायला मनाई करणारा करार, थोडे अपवाद सोडले तर, त्या मर्यादेपुरता रद्दबातल असतो. त्याऐवजी गुप्ततेची अट नीट लिहा: ग्राहक यादी, खरेदीचे दर, पासवर्ड बाहेर जाणार नाहीत.

तिसरं, सुटण्याची वाट. एक महिन्याची नोटीस, आणि जाताना सगळी खाती, कोड, कागदपत्रं सोपवायची. वकिलाकडून दोन पानांचा करार करून घ्या. त्याचा खर्च माझ्या त्या एका संध्याकाळीपेक्षा नक्कीच कमी येईल.

मालकाने काय सोडू नये

हा माणूस आला म्हणजे आपली जबाबदारी संपली, असं नाही. महिन्यातून एक बैठक तुम्ही स्वतः घ्या. मुख्य पासवर्ड तुमच्याकडे असू द्या. पैसे देण्याचा अधिकार तुमच्याकडे असू द्या. आणि स्टाफला आधीच सांगा की हे सर तुमच्या चुका शोधायला आलेले नाहीत. आमच्या जुन्या मुनीमजींनी पहिला महिना त्यांच्याशी धड बोलणं टाळलं. नंतर जेव्हा कळलं की रात्री नऊपर्यंत बसून वह्या जुळवायचं काम संपणार आहे, तेव्हा चहा तेच मागवायला लागले.

आजचा गृहपाठ

सीटीओ घ्या किंवा नका घेऊ, आज रात्री दुकान बंद केल्यावर तो चार रकान्यांचा कागद करा. काय वापरतो, कुणाच्या नावावर, ओटीपी कुठे, मुदत कधी. अर्धा तास लागेल, पैसा एकही लागणार नाही. ज्या ओळीत तुमचं किंवा तुमच्या धंद्याचं नाव येत नाही, तिथे लाल खूण करा आणि उद्या सकाळी पहिला फोन त्यासाठी लावा.

आमच्या दुकानात तो कागद आता गल्ल्याच्या आत चिकटवलेला आहे. दर दिवाळीच्या आधी, माल भरायच्या आधी, मी तो एकदा वाचतो.

भेटू पुढच्या व्हिडिओत. धंदा वाढवा, पण चाव्या स्वतःकडे ठेवा.